ग्रेव्हीचा आगाऊ दुखवटा

लिटल ऑसकोट, श्रॉपशायर
३ मार्च

प्रिय डॅफ्नी,

तुम्ही दोघे पोर्तुगालात खुशाल असाल असे गृहीत धरते. तसे नसते तर तू कळवले असतेस, कारण तक्रारीच्या बाबतीत तू कधी आळस केलेला नाहीस. माझे ठीक आहे. उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, पण अद्याप माझ्या आज्ञेबाहेर गेलेला नाही. डॅफोडिल्स फुलली आहेत आणि दरवर्षीप्रमाणे मी लावली नव्हती तिथे फुलली आहेत. चर्चचे छप्पर गळते. त्यासाठी आता समिती नेमली गेली आहे, म्हणजे गळती कायम झाली असे समजावे.

नाताळच्या कार्डापलीकडे आपण दोघी बहिणींनी एकमेकींना काही लिहिले, त्याला बरीच वर्षे झाली. कारण दोघींनाही ठाऊक आहे. तुझ्या लग्नाच्या जेवणात तुझ्या क्लाइव्हने भाषणात जे लॅटिन वचन म्हटले ते सदोष होते, आणि मी ते जागच्या जागी दुरुस्त केले. आयुष्यभर विद्यापीठात लॅटिन शिकवलेल्या बाईसमोर तसले लॅटिन बोलणे म्हणजे दंतवैद्यासमोर दाताने अक्रोड फोडणे होय. माझे काही चुकले असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. असो. तो विषय मी आज काढत नाही.

पत्राचे कारण ग्रेव्ही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. कुत्रा तुझा आहे. पोर्तुगालला निघताना 'घर लागेपर्यंत' म्हणून तू त्याला माझ्या स्वयंपाकघरात सोडून गेलीस. सोबत एक फाटकी चादर दिलीस आणि हे नाव. चांगल्या घराण्यातल्या टेरियरला मांसाच्या रश्शाचे नाव ठेवण्याची कल्पना कोणाची होती हे मी विचारले नाही, कारण मला अंदाज आहे. गावच्या हिरवळीवर उभी राहून, चारचौघांसमोर, मी इतकी वर्षे 'ग्रेव्ही, ग्रेव्ही' अशा हाका मारत आले. पहिल्या वर्षी मी 'केटो' असे रोमन मुत्सद्द्याचे नाव देऊन पाहिले. त्या नावाने हाक मारली की तो आदराने बाजूला सरके, जणू मागून कोणी केटो येत आहे आणि त्याला वाट द्यायची आहे.

तर तुझा कुत्रा म्हातारा झाला आहे. एका डोळ्यावर दुधासारखा पडदा आला आहे. मूत्रपिंडे थकली आहेत. खोकला आहे, ढास ओसरली की काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने तो बसून राहतो. मागचे पाय फरशीवर फाकतात आणि तो पोटावर पडतो. त्या वेळी मी तत्काळ खिडकीबाहेर पाहू लागते, कारण पडताना कोणी पाहिलेले त्याला खपत नाही. आता मी स्वयंपाकघरभर सतरंज्या अंथरल्या आहेत. त्यांचे रंग एकमेकांशी जुळत नाहीत. यावरून तुला परिस्थितीची कल्पना येईल.

मागच्या आठवड्यात त्याला आमच्या पशुवैद्यांकडे नेले. मिस्टर ब्लायथ तरुण आहेत, कमालीचे सभ्य आहेत, आणि कोणतेही वाक्य शेवटापर्यंत नेणे त्यांच्या जिवावर येते.

"म्हणजे बघा, डॉक्टर लॅथम," ते म्हणाले, "तसं घाईचं काही... म्हणजे आजच्या आज असं नाही, पण आपण आता हळूहळू..."

"हळूहळू काय?"

"वेळ आली की कळतं. तोच सांगतो तुम्हाला."

"कुत्रा सांगतो?"

"बघतो. तुमच्याकडे. एक विशिष्ट असं... बघणं असतं."

ग्रेव्ही इतकी वर्षे माझ्याकडे बघतो आहे, आणि त्या बघण्यातून आजवर एकच अर्थ निघाला आहे: चीज. एवढ्या मोठ्या निर्णयासाठी हा पुरावा अपुरा आहे असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "हो, तेही आहेच." माझ्या हाताखाली त्यांनी परीक्षा दिली असती तर दुसऱ्यांदा बसावे लागले असते.

इथे जनावराला कोणी मारत नाही, हेही कळवते. इथे त्याला 'झोपवतात', 'निरोप देतात', किंवा 'योग्य ते करतात'. मला हा भित्रेपणा पटत नाही. जी गोष्ट जशी आहे तशी तिच्या नावाने बोलावी, हे मी तीस वर्षे विद्यार्थ्यांच्या कानीकपाळी ओरडत आले.

तेव्हा ती जी काही गोष्ट करायची असते ती करावी की नाही, आणि करायची तर केव्हा, हे तू ठरवून कळवावेस. मालक तू आहेस. उत्तर लवकर आणि पूर्ण वाक्यांत लिहावे.

कॉन्स्टन्स लॅथम

ता. क. ग्रेव्ही आता जिना चढत नाही. दिवाणखान्यातला सोफा मधोमध खचला आहे. दिवसा बसणाऱ्याला ते जाणवत नाही. झोपणाऱ्याला जाणवते.

लिटल ऑसकोट
२१ मार्च

डॅफ्नी,

घाईत लिहिते. मिसेस टॅपली यांचे काळ्या काठाचे पत्र तुला एव्हाना आले असेल किंवा येईल. त्या माझ्या शेजारीण. चर्चमधली फुले आणि गावातली दुःखे यांची व्यवस्था त्यांच्याकडे असते. तुझा पत्ता त्यांनी माझ्या नाताळच्या पाकिटावरून उतरवून घेतला. पत्राची भाषा सहृदय असेल यात शंका नाही, परंतु त्यातील मुख्य विधान खरे नाही.

ग्रेव्ही जिवंत आहे. हे लिहिताना तो माझ्या डाव्या पावलावर झोपला आहे आणि पाऊल बधिर झाले आहे.

त्यांना उत्तर लिहू नकोस. लिहिणे भागच पडले तर तो गेला असे धरून लिही. सविस्तर नंतर कळवते. आत्ता कोणीतरी दारात सूप घेऊन उभे आहे आणि मला कुत्रा न्हाणीघरात न्यायचा आहे.

कॉ.

लिटल ऑसकोट
२४ मार्च

प्रिय डॅफ्नी,

तुझे पोस्टकार्ड मिळाले. त्यावरचे गाढव हा अभिप्राय समजावा की सजावट, हे स्पष्ट होत नाही. 'कॉन, तो कधीचाच तुझा झालाय. तूच ठरव. कानामागे माझ्यातर्फे खाजव.' कानामागे खाजवले. उरलेल्या मजकुराशी मी सहमत नाही, पण त्याविरुद्ध मुद्दा शोधते आहे तो अजून सापडलेला नाही.

आता सविस्तर.

तुझे कार्ड येण्याआधीच, एका रात्रीच्या खोकल्यानंतर, मी दवाखान्यात फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी विचारले, "डॉक्टरांनी कशासाठी घरी यायचंय?" मी म्हणाले, "ग्रेव्हीच्या संदर्भात." "अच्छा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "समजलं हं मला. गुरुवारी दुपारी येतील ते." म्हणजे मी ती गोष्ट न उच्चारता ठरवून टाकली होती. मला माझेच कौतुक वाटले.

गुरुवारी मिस्टर ब्लायथ आले. हातात बॅग होती. घरी आलेल्या माणसाला चहा न विचारता कामाला जुंपावे असे आपल्या आईने आपल्याला शिकवलेले नाही, म्हणून मी चहा केला. चहाबरोबर केक ठेवला. ते सोफ्याच्या कडेला बसले, आणि ग्रेव्ही आपणहून उठून, दोनदा पडून, त्यांच्या बुटावर डोके टेकून झोपला.

आम्ही छपराविषयी बोललो. मग रुबार्बच्या आंबट देठांविषयी. त्यांच्या आत्याची बाग उताराची असल्याने तिथे रुबार्ब येत नाही. मला त्यावर बरेच बोलता आले, हे माझे मलाच नवल वाटते. बोलणे थांबले की ते बॅगेकडे बघत, आणि त्यांनी बॅगेकडे बघितले की मी केकची बशी पुढे करी. ते प्रत्येक वेळी तुकडा घेत. पाहुण्यांना विषय काढण्याची संधी द्यावी म्हणून मी विषय काढत नव्हते. यजमानीणबाईंनी काढल्याखेरीज कसा काढावा म्हणून ते काढत नव्हते.

शेवटी ते उभे राहिले. "तर मग, डॉक्टर लॅथम... आज..."

"आज हवा फार छान होती," मी म्हणाले.

"हो ना," ते म्हणाले. फाशी रद्द झाल्यावर कैद्याला काय वाटत असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर होते. माझ्या चेहऱ्यावर काय होते ते मला दिसले नाही.

रिकाम्या हाताने पाठवणे बरे दिसेना. त्यांच्या दवाखान्यात बेवारस जनावरे असतात, तेव्हा तुझी ती फाटकी चादर मी गुंडाळून त्यांच्या हातात दिली. ती जड आहे. त्यांनी ती दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि फाटकाबाहेर गाडीपर्यंत अगदी सावकाश नेली. डॅफोडिल्समुळे त्यांचे डोळे नेहमीप्रमाणे लाल झाले होते आणि नाक वाहत होते.

शेजारच्या घराचा पडदा हलला, हे मी पाहिले. त्याला महत्त्व दिले नाही.

संध्याकाळी मिसेस टॅपली दारात. हातात मांसाची पाई, डोळ्यांत पाणी.

"बोलू नका," त्या म्हणाल्या. "एक शब्द बोलू नका. मी सगळं बघितलंय."

"मिसेस टॅपली, तुमचा थोडासा—"

"किती जपून नेलं हो त्या पोरानं. लेकरासारखं. रडत होता बिचारा. मी आमच्या हॅरॉल्डला म्हटलं, बघ, ती बाई दारात उभी आहे ताठ, एक टिपूस नाही डोळ्यांत. अशीच माणसं आतून मोडतात."

"तसं नाही, मुळात तो—"

"आमची बॉबिन गेली ना," असे म्हणून त्या माझ्या खांद्यावर कोसळल्या. बॉबिन ही त्यांची मांजर. तिला जाऊन एक तप झाले. मी त्यांची पाई सांभाळत उभी राहिले. रडणाऱ्या माणसाला मध्येच थांबवून 'आपण अकारण रडत आहात' असे कळवण्याची सभ्य रीत मला अवगत असलेल्या कोणत्याही भाषेत नाही, आणि मला पाच भाषा येतात. हुंदके थांबण्याची मी वाट पाहिली. हुंदके थांबले तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मोकळं वाटलं हो. तुमचं सांत्वन करायला आले आणि..." त्यांना आता खरे सांगणे म्हणजे त्यांच्या तोंडावर पाई फेकून मारण्यासारखे झाले असते.

"आभारी आहे," मी म्हणाले.

एवढेच. दोन शब्द. व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि संपूर्ण खोटे.

स्वयंपाकघराच्या दारामागे मृत ग्रेव्ही उभा होता आणि त्याला पाईचा वास आला होता. कडेचा भाग त्यालाच दिला. स्वतःच्या दुखवट्याचे जेवण जेवलेला हा या परगण्यातला पहिलाच कुत्रा असावा.

दुसऱ्या दिवसापासून कार्डे येऊ लागली. रविवारी पाद्रीबाईंनी प्रार्थनेत 'आपल्या सर्वांचा लाडका ग्रेव्ही' असा उल्लेख केला. या 'सर्वांपैकी' निदान चौघांना तो चावलेला आहे. मी मान खाली घालून बसले होते, आणि बाहेर माझ्या गाडीत, मागच्या सीटवर, दिवंगत आत्मा घोरत होता, कारण त्याला घरी एकटा ठेवला की तो विव्हळतो. मिसेस टॅपली यांनी विचारले, "राख आली की कुठं ठेवणार हो?" मी काही न सुचून सफरचंदाच्या झाडाकडे पाहिले. मंगळवारी तिथे वर्गणीतून गुलाबाचे रोप लागले.

आता त्याला फिरायला न्यायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. चालणे त्याला तसेही जमत नाही, पण चर्चच्या भिंतीकडेच्या गवताचा वास घेतल्याखेरीज त्याचा दिवस पुरा होत नाही. मी बाजारासाठी चाकांची मोठी पिशवी घेतली. त्यात तो, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर कांद्याची पात. काल भिंतीपाशी मिसेस टॅपली भेटल्या आणि नेमका तेव्हाच पिशवीला खोकला आला. मी ताबडतोब खोकले. पिशवी पुन्हा खोकली. मी पुन्हा खोकले. या रीतीने आम्ही दोघे बराच वेळ खोकत होतो.

"छातीत बसलंय दुःख तुमच्या," त्या म्हणाल्या. "अगदी त्याच्यासारखा खोकला झालाय हो तुम्हाला."

संध्याकाळी त्यांनी मध आणि आले पाठवले.

पोस्टमन आला की ग्रेव्ही अजूनही भुंकतो. परवा मिसेस टॅपली कुंपणापलीकडून हळूच म्हणाल्या, "कुणाला सांगू नका, पण मला अजून त्याचं भुंकणं ऐकू येतं."

"मलाही येते," मी म्हणाले. या संपूर्ण प्रकरणात मी उच्चारलेले हे एकमेव सत्य.

तू हसत असशील. हसण्यासारखेच आहे. मलाही एकदा पिशवी उघडताना हसू आले, कारण त्याच्या डोक्यावर पात अडकली होती आणि त्याला त्याचे काही वाटले नव्हते.

तो चिकन खाईनासा झाला आहे. हाताने भरवले तर थोडे घेतो, तेही मला वाईट वाटू नये म्हणून घेतो असे दिसते. हे केवळ माहितीसाठी.

कॉन्स्टन्स

लिटल ऑसकोट
१२ एप्रिल

प्रिय डॅफ,

काल दुपारी ग्रेव्ही गेला. या वेळी खरोखर.

हवा वगैरे नंतर लिहिते.

परवा सकाळी तो पाण्याच्या भांड्याकडे निघाला आणि मधल्या सतरंजीवर पडला. मी नेहमीप्रमाणे खिडकीकडे तोंड केले. बराच वेळ मागून काही हालचाल ऐकू येईना, तेव्हा वळून पाहिले. तो तसाच पडून माझ्याकडे बघत होता. विशिष्ट वगैरे काही नव्हते त्या बघण्यात. त्याला आता कोणी पाहिले तरी चालणार होते, इतकेच. हा कुत्रा पडताना दिसू नये म्हणून फर्निचरच्या आडून चालायचा, डॅफ. तो अभिमान त्याच्याकडे आहे तोवर त्याला हात लावण्याचा मला अधिकार नाही असे मी मनाशी धरून होते. परवा तो अभिमान संपला, आणि त्याच्या वाटणीचा मीच इतके दिवस बाळगून होते हे मला दिसले.

तो सोसत होता. माझ्यासाठी सोसत होता. मी इथे चहा पाजत बसले होते.

मिस्टर ब्लायथ यांनी माझ्या विनंतीवरून गाडी चर्चमागे लावली आणि मागच्या दाराने आले. चहा मी याही वेळी केला. हातच तसे वळतात. ते बसले, कप उचलला, आणि म्हणाले, "आत्याच्या बागेत यंदा रुबार्बनं जरा..."

"मिस्टर ब्लायथ," मी म्हणाले, "कप खाली ठेवा."

त्यांनी ठेवला.

"मला ग्रेव्हीला मारायचं आहे. आज. आत्ता. तुम्ही मारायचं आहे आणि मी त्याला धरून बसणार आहे."

मग ते म्हणाले, "हो." एका शब्दाचे का होईना, त्यांचे पहिले ठाम वाक्य. "हो, डॉक्टर लॅथम. तेच बरोबर आहे. त्या गुरुवारीसुद्धा तेच बरोबर होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही सारखा केक देत होता. मला वाटलं, तुम्हाला नकोय."

"मला नकोच होतं," मी म्हणाले. "तुम्ही तो खायला नको होतात. मधोमध कच्चा होता."

"हो, होता," ते म्हणाले. तीन तुकडे खाल्ले होते त्यांनी.

बाकी फार काही लिहिण्यासारखे नाही. मी सतरंजीवर बसले, त्याचे डोके मांडीवर घेतले. काहीतरी बोलत राहावे, असे मिस्टर ब्लायथ म्हणाले, त्याला आवाज ओळखीचा वाटतो. काय बोलावे ते मला सुचेना. म्हणून पहिल्या वर्षाच्या वर्गाला पाठ करायला देत असे ती लॅटिन नामांची रूपे म्हणू लागले, एकवचन, मग अनेकवचन. उत्तरपत्रिका तपासताना मी ती पुटपुटत असे आणि तो टेबलाखाली झोपत असे. सुई त्याला कळली नाही. मी अनेकवचनात होते. मिस्टर ब्लायथ यांनी माझ्या खांद्याला हात लावला, तरी मी रूपे पूर्ण केली, कारण अर्धवट सोडायचे नसते.

मग त्याला पुरायचे होते आणि जागा एकच होती. गुलाब काढावा लागला. मिस्टर ब्लायथ यांनी टाय शर्टात खोचून खड्डा खणला. मी रोप हातात धरून उभी होते, तेवढ्यात कुंपणावर मिसेस टॅपली यांचे डोके उगवले.

"काय चाललंय हो?"

"गुलाबाला खत," मिस्टर ब्लायथ म्हणाले. इतके सफाईदार खोटे ते बोलू शकतील असे मला वाटले नव्हते.

पशुवैद्याला गुलाबाला खत घालायला का बोलावले, असे विचारणे असभ्यपणाचे ठरले असते, म्हणून त्यांनी विचारले नाही. "खोल घाला हं," एवढे म्हणून त्या आत गेल्या. आम्ही खोल घातले.

हे झाले काल. आज सकाळी मी पावासाठी दुकानात गेले. चेहरा धुतला होता, केस नीट होते. पण डोळ्यांचे मी काही करू शकले नाही. दुकानात मिसेस टॅपली, पाद्रीबाई, आणखी दोघीतिघी.

"अगंबाई, अजूनही?" मिसेस टॅपली म्हणाल्या. "इतके दिवस झाले की आता."

"हो," मी म्हणाले.

"सावरायला हवं हो आता. मी काही कठोर नाही, पण शेवटी कुत्रं होतं. हॅरॉल्डची आई, माझ्या सासूबाई, गेल्या तेव्हा मी महिन्याच्या आत फुलांच्या समितीवर परत आले होते."

पाद्रीबाईंनी माझा हात हातात घेतला आणि शेजारच्या गावात दुःखी माणसांचा एक गट भरतो, बिस्किटे चांगली असतात, असे सांगितले. कोणीतरी म्हणाले, "पिल्लू आणा एखादं." सगळ्या बायका चांगल्या आहेत. सगळ्यांनी माझ्यासाठी जे करायचे ते करून झाले आहे. सूप पिऊन झाले, कार्डे आली, त्यांची आभारपत्रे मी स्वतःच्या हाताने लिहून पाठवली. कोणाचेही काही चुकलेले नाही. फक्त ते सगळे घडत असताना तो घरात होता आणि मला सांत्वनाची गरज नव्हती. आज गरज आहे, आणि आज मागितले तर लोकांना काळजी वाटेल माझ्या डोक्याची. मी पाव घेऊन घरी आले. दार उघडताना मी सवयीने पाय आडवा घातला, तो बाहेर सटकू नये म्हणून.

मिस्टर ब्लायथ यांना ठाऊक आहे. पण त्यांनी काल बोलायचे तेवढे बोलून टाकले, आणि त्यांच्यावर आणखी वाक्यांचा भार घालणे बरे नव्हे. तो कालपर्यंत जिवंत होता हे ठाऊक असलेले दुसरे माणूस या जगात तू आहेस.

तेव्हा, डॅफ, माझे सांत्वन कर. अशी मागणी मी यापूर्वी कोणाकडे केलेली नाही, त्यामुळे तिची रीत मला ठाऊक नाही. वाक्य चुकीच्या ठिकाणी आले असेल तर तसेच राहू दे. पत्र पोहोचायला आठवडा जाईल, म्हणून फोन कर. मी उचलेन. सुरुवातीला मला काही बोलता आले नाही तर ठेवू नकोस, मी ऐकत असेन. तो लहान असताना कसा होता ते सांग. तेवढेच मला माहीत नाही.

तुझी,
कॉन